पंधरा वर्षांची पिकअप

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मालवाहू गाडीवरचा लेख पाहून काहींना आश्चर्य वाटेल. यंत्रांशी आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध तो काय? पण आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांच्या घरची आहेत, आणि त्यांतल्या अनेकांच्या दारात एक पिकअप उभी आहे. फी भरली जाते ती त्या गाडीच्या भाड्यावर आणि तिने बाजारात पोहोचवलेल्या मालावर. ती गाडी किती वर्षे चालेल, कधी दगा देईल आणि कधी विकावी, हे प्रश्न आमच्या घरात पिकाच्या भावाइतकेच बोलले जातात. गेली अडीच वर्षे मी या प्रश्नांचा जमेल तसा अभ्यास केला. त्यातून जे समजले ते येथे मांडतो.

आमचे गाव जुन्नर तालुक्यात आहे. येथे 'पिकअप' हा शब्द आता बैलगाडीइतकाच घरचा झाला आहे. टाटांची ४०७ ही छोटी ट्रक १९८६ साली आली, १९८८ साली टाटामोबाईल २०६ आली आणि २००५ साली आलेल्या टाटा एसचे लोकांनी 'छोटा हत्ती' असे बारसे केले. मोठी ट्रक आणि छोटा हत्ती यांच्या मधली, सव्वा ते दीड टन माल नेणारी जी गाडी, ती आमची पिकअप. निरनिराळ्या कंपन्या ती बनवतात, पण घडण साधारण एकच असते. खाली शिडीसारखी पोलादी चासी, तिच्यावर पुढे केबिन आणि मागे हौदा, मागच्या एक्सलवर एकावर एक रचलेले पाटे, आणि पुढे डिझेल इंजिन. ही घडण जुनी आहे, बसायला आरामाची नाही. पण तिचा मोठा गुण असा की प्रत्येक भाग सुटा करता येतो. केबिन गंजली तर केबिन बदलावी, पाटा तुटला तर पाटा बदलावा, चासी शाबूत असली की गाडी उभी. तालुक्याच्या गावी तिचे सुटे भाग मिळतात आणि कोणताही मिस्त्री ती उघडू शकतो.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमची पिकअप २०१० साली सोसायटीचे आणि बँकेचे कर्ज काढून नवी घेतली. तेव्हा ती सुमारे पाच लाखांना पडली. तिची कंपनी मी येथे मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा दोष नव्हता. तो आमचा होता.

ती रात्र

२०२३ सालचा टोमॅटो कोणी विसरणार नाही. मे महिन्यात ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याच मालाचे भाव जुलैत आकाशाला भिडले. त्या महिन्यात आमचा तोडा चालू होता. एका रात्री अण्णा आणि मी स्वतःची आणि शेजाऱ्यांची मिळून ८५ कॅरेट घेऊन वाशीला निघालो. ओतूर मागे पडले, मढ मागे पडले. पाऊस कोसळत होता आणि धुक्यात पुढचे दहा फूट दिसत नव्हते. माळशेज घाटाच्या तोंडाशी गाडी डावीकडे ओढू लागली, जळका वास आला, आणि आरशात मागच्या डाव्या चाकातून धूर दिसला. अण्णांनी गाडी बाजूला घेतली. उतरून पाहतो तो चाक एका बाजूला कललेले, हब हात लावू देणार नाही इतके तापलेले. आतले बेअरिंग फुटले होते.

त्या चाकाचा आवाज महिनाभर येत होता. वेग वाढला की भुंगा घुमावा तसा घुमे आणि वेग कमी केला की बंद होई. अण्णा म्हणत, "एवढा तोडा उरकू दे, मग बघू." तोडा चालू असताना गाडी दिवसभर गॅरेजला लावायची कोणाची छाती होत नाही. मीही आवाज ऐकत होतो आणि गप्प होतो.

पहाटे दुसरी गाडी आली. पावसात ८५ कॅरेट एका हौद्यातून दुसऱ्यात गेली. वाशीला पोहोचेपर्यंत सकाळचा बाजार संपला होता. पहाटे अठराशेने गेलेला माल आमच्याकडून, ओला आणि दबलेला म्हणून, अकराशेने घेतला. कॅरेटमागे सातशे, म्हणजे ८५ कॅरेटचे साडेएकोणसाठ हजार रुपये बुडाले. शेजाऱ्यांचे नुकसान अण्णांनी पदरचे भरले. दुसऱ्या गाडीचे भाडे आणि आमची गाडी ओढून आणण्याचा खर्च वेगळा. बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून मिस्त्रीने घेतले दोन हजार सहाशे.

ते पैसे ताईच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी होते. तिचा प्रवेश एक वर्ष पुढे गेला. घरात कोणी कोणाला बोलले नाही. पण आणखी एक गोष्ट सर्वांच्या मनात होती: तेच बेअरिंग अर्धा तास उशिरा, घाट उतरताना फुटले असते तर?

गॅरेजमध्ये मिस्त्री मला म्हणाला, "दादा, गाडी आधी बोलती, मंग बसती. तुमी आयकलं न्हाई." ते वाक्य डोक्यातून गेले नाही. त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली.

भार आणि आयुष्य

माझा पहिला प्रश्न साधा होता: तेच बेअरिंग का गेले? ग्रंथालयातील यंत्रशास्त्राचे एक पुस्तक आणि मिस्त्रीचे ज्ञान, या दोन गुरूंकडून मला जे कळले ते सांगतो.

बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्यांच्या मध्ये फिरणाऱ्या गोळ्या किंवा रूळ. चाक फिरते तेव्हा प्रत्येक रूळ भाराखाली येतो आणि बाहेर पडतो, असे कोट्यवधी वेळा घडते. पोलाद एकदा दाबल्याने तुटत नाही. पुनःपुन्हा दाबल्याने थकते. पृष्ठभागाखाली केसाएवढी भेग पडते, ती वर येते, पोलादाचा कपचा निघतो आणि मग तो घुमण्याचा आवाज सुरू होतो. आवाज सुरू झाला म्हणजे बेअरिंगचे आयुष्य संपले आहे. उरलेली असते ती केवळ मुदत.

धातू थकतो हे माणसाला फार महाग पडून कळले. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा एक्सल मोडला, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. पुढे जर्मनीतील रेल्वेचे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर तोच एक्सल मोडतो. आमच्या गाडीचा मुख्य पाटा मधल्या बोल्टच्या भोकापाशी दोनदा तुटला, त्याचेही कारण हेच. भोकापाशी धातू कमी असतो आणि ताण जास्त.

आता भाराकडे वळू. १९४७ साली, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी, लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश संशोधकांनी बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडले. आजही जगभर त्याच पायावर हिशेब होतात. गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, आठव्या हिश्शावर येते. रुळांच्या बेअरिंगचे तर सुमारे दहाव्या हिश्शावर. भार नुसता सव्वापट झाला तरी आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

हे वाचल्यावर मी आमच्या गाडीचा हिशेब केला. टोमॅटोचे भरलेले कॅरेट रिकाम्या कॅरेटच्या वजनासह २२ किलो धरू. गाडीची कागदोपत्री क्षमता सुमारे १३०० किलो, म्हणजे ६० कॅरेट कशीबशी. आम्ही नेत होतो ८५, म्हणजे १८७० किलो. रिकाम्या गाडीचा मागच्या एक्सलवरचा भार सातशे किलो धरला आणि माल सगळा मागेच बसतो असे मानले, तर नियमाने भार व्हायला हवा दोन हजार आणि होत होता जवळजवळ दोन हजार सहाशे. ही वाढ सव्वापटीहून थोडी अधिक आहे. म्हणजे आम्ही आमच्या हाताने बेअरिंगांचे आयुष्य निम्म्याहून खाली आणले होते. त्यात जुलैचा पाऊस. ओढ्यांच्या पाण्यातून जाताना झिजलेल्या सीलमधून पाणी हबमध्ये शिरते आणि ग्रीस धुऊन नेते.

या २५ जादा कॅरेटचे आम्हाला काय मिळत होते? कॅरेटमागे ४० रुपये भाडे धरले तर खेपेला हजार रुपये. हे हजार रुपये आम्ही नफा समजत होतो. अर्थशास्त्राच्या भाषेत तो नफा नव्हताच. ते गाडीच्या भांडवलातून काढून खाल्लेले पैसे होते. शिवाय २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे, ते निराळेच.

घाट

भाराचा दुसरा बळी ब्रेक. चढावर इंजिनाने केलेले काम उतारावर कुठे तरी जावे लागते. मालासह तीन टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिने साध्या तपमानाचे पन्नास लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता ब्रेकवर सोपवली तर ड्रम तापतात, लायनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून जुने चालक सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मग ती उष्णता इंजिन घेते, आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठी राखून राहतो. हा नियम अण्णा कसोशीने पाळतात. आमच्या ब्रेकचे लायनर शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त चालतात, त्याचे श्रेय त्यालाच आहे.

ब्रेकच्या ऑईलबद्दल मात्र आम्ही अडाणी होतो. ते हवेतील ओल शोषून घेते. पाणी मिसळले की ते कमी उष्णतेला उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल ढिले पडते. गाडी उभी असो वा चालो, दर दोन वर्षांनी ते बदलावे. पहिल्या तेरा वर्षांत आम्ही ते फक्त गळाले तेव्हा भरले होते.

पाणी, तेल आणि धूळ

इंजिनाला आम्ही तिघे शत्रू दिले: बोअरचे पाणी, उशिरा बदललेले ऑईल आणि शेतरस्त्याची धूळ.

रेडिएटरमधले पाणी कमी झाले की हातपंपाचे किंवा बोअरचे पाणी ओतायचे, ही आमच्याकडची सर्रास पद्धत. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात बसतो. त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. २०१४ च्या उन्हाळ्यात आमचे इंजिन तापले आणि हेड गॅस्केट गेले, ते या थरामुळे. शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण गंज रोखते आणि उशिरा उकळते. रेडिएटरचे झाकणही प्रेशर कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते, म्हणून गरम इंजिनाचे झाकण कधी उघडू नये. आमच्या गावात एकाचा हात त्यापायी भाजला आहे.

ऑईलविषयी एक गैरसमज आहे. डिझेल इंजिनात नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडते. लोकांना वाटते ते खराब झाले. वस्तुतः ते काजळी आपल्यात धरून ठेवते म्हणून काळे होते, आणि तेच त्याचे काम आहे. वंगण, थंडावा आणि सफाई ही तिन्ही कामे ऑईल करते. पण काजळी धरण्याची त्याची शक्ती संपली की ती गाळ होऊन बसते. त्यामुळे रंगावर जाऊ नये. किलोमीटर आणि महिने यांवर जावे, आणि दोन्हींपैकी जी मुदत आधी भरेल ती धरावी. गावातल्या गावात दिवसभर चालू-बंद होणाऱ्या गाडीचे ऑईल महामार्गावरच्या गाडीपेक्षा लवकर खराब होते, हे किलोमीटरचा काटा सांगत नाही.

तिसरी धूळ. मुरमाच्या रस्त्यावरील धुळीत वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते इंजिनाच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. एअर फिल्टर फाटका असला तर हेच कण सिलिंडरच्या भिंती खरवडतात, इंजिन ऑईल खाऊ लागते आणि दम सोडते. फिल्टर आपटून झाडण्यापेक्षा आतून बाहेर हलक्या हवेने झाडावा, आणि पावसाळ्यानंतर बदलावाच.

जे चालण्याने झिजत नाही

आपण गाडीचे वय किलोमीटरमध्ये मोजतो. पण गाडीत काही वस्तू अशा आहेत की त्या नुसत्या काळाने म्हाताऱ्या होतात. रबरी होज, पट्टे, पाट्यांचे बुश, ब्रेकच्या आतले रबरी कप आणि टायर. टायरच्या बाजूवर कोरलेल्या खुणांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असे लिहिले असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक आहे म्हणून जुनी टायर विकत घेणाऱ्यांनी आधी ते चार आकडे वाचावेत.

यंत्रांच्या बिघाडाचा जो आलेख काढतात त्याचा आकार न्हाणीच्या टबासारखा असतो. नवेपणी काही दोष उघडे पडतात, मग मोठा सपाट काळ येतो, आणि शेवटी झीज एकवटून बिघाड पुन्हा वाढतात. आमच्या गाडीचे असेच झाले. पहिल्या वर्षी किरकोळ तक्रारी, नंतर सात-आठ वर्षे स्वास्थ्य, आणि २०१९ नंतर दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही. सपाट काळ फसवा असतो. त्या काळात आम्ही देखभाल सोडली, कारण न करताही गाडी चालत होती.

वहीतला हिशेब

ऑगस्ट २०२३ पासून वहीत मी सात रकाने ठेवले: तारीख, काट्यावरचे किलोमीटर, कॅरेट, मार्ग, डिझेल, दुरुस्ती आणि शेवटी 'आवाज किंवा खूण'. अण्णा हसले. म्हणाले, "गाडी चालवायची का तिची कुंडली मांडायची?"

दोन वर्षांनी ती कुंडली मी वाचली. या काळात गाडी एकूण नऊ वेळा बंद राहिली. त्यांपैकी सात वेळा शेवटच्या रकान्यात आधी काही दिवस नोंद होती: क्लच वर आला, सकाळी चालू व्हायला दोनदा सेल्फ मारावा लागला, खाली पाण्याचा थेंब दिसला, चढावर काळा धूर. फक्त दोनदा गाडी न सांगता थांबली. मिस्त्रीचे म्हणणे वहीने खरे ठरवले. वही सुरू झाल्यापासून जी दुरुस्ती आम्ही खूण मिळताच केली, ती सरासरीने थांबल्यावर केलेल्या दुरुस्तीच्या निम्म्यात झाली. कारण ती आम्ही आमच्या सवडीने आणि तालुक्याच्या गावी केली, टोकावड्याला रस्त्याच्या कडेला रात्री नव्हे.

दोन वर्षांत दुरुस्ती, टायर आणि बॅटरी यांवर १ लाख ४६ हजार रुपये गेले. वर्षाला ७३ हजार.

विकावी की ठेवावी?

२०२५ साली गाडीला पंधरा वर्षे झाली. काट्यावर ३ लाख २० हजार किलोमीटर होते. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते, आणि पंधरा वर्षांपुढील गाड्यांच्या पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. काकांचे म्हणणे पडले की आता ही विकावी आणि नवी घ्यावी. सप्टेंबरमध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाल्याने त्यांच्या म्हणण्याला जोर आला.

घरात बैठक झाली आणि प्रथमच माझी वही मध्ये ठेवली गेली. नवी गाडी घेण्यासाठी आठ लाख कर्ज काढले, दहा टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली, तर हप्ता महिना सतरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार. जुन्या गाडीचा खर्च ७३ हजार. वरवर पाहता प्रश्नच उरत नाही. घसाऱ्याचा सिद्धान्तही जुन्या गाडीच्या बाजूचा आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षांत भराभर उतरते, आमची उतरून झाली आहे.

पण हा हिशेब अपुरा आहे हे मला २०२३ च्या रात्रीने शिकवले होते. त्या एका रात्रीची किंमत साठ हजारांच्या वर होती. तशा दोन रात्री वर्षात आल्या तर ७३ हजारांचे एक लाख ९३ हजार होतात आणि जुन्या गाडीची जवळजवळ सगळी बचत संपते. म्हणजे जुनी गाडी स्वस्त आहे ती एकाच अटीवर: तिने भलत्या दिवशी थांबता कामा नये. किती वेळा थांबली यापेक्षा कोणत्या दिवशी थांबली याला शेतकऱ्याच्या घरी जास्त किंमत आहे. सिमेंट दुसऱ्या दिवशी पोहोचले तरी सिमेंटच राहते, टोमॅटो राहत नाही.

नव्या गाडीचाही विचार प्रामाणिकपणे केला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. नव्या डिझेल गाड्यांचा धूर कितीतरी स्वच्छ झाला, ही सर्वांच्या फुप्फुसांसाठी चांगली गोष्ट आहे. पण त्यांतल्या अनेक गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, आणि ती जाळी स्वतःला जाळून साफ करण्यासाठी गाडी अधूनमधून बराच वेळ सलग आणि गरम चालावी लागते. ज्याची गाडी दिवसभर शेत ते गाव, दोन-दोन किलोमीटर फिरते, त्याला हे अडचणीचे होते. तसेच बिघाड शोधायला संगणक लागतो. वाशीला नियमित जाणाऱ्या आमच्यासारख्यांना ती अडचण मोठी नाही. तरी गावच्या मिस्त्रीचा हात तिथे थांबतो, हे खरे.

शेवटी गाडी ठेवायची ठरली, पण अटींवर. कॅरेट ६०, एकही जास्त नाही. पावसाळ्याच्या आधी चारही हब उघडून ग्रीस आणि सील. ब्रेकचे ऑईल दोन वर्षांनी. तोडा सुरू होण्याच्या आधी आठ दिवस गाडी मिस्त्रीकडे, मग ती चालत असो वा नसो. आणि बचत होणाऱ्या पैशांतून दरमहा सहा हजार पतसंस्थेत, पुढच्या गाडीसाठी. कारण ही गाडी अमर नाही आणि चासीला गंज धरला की कोणताही हिशेब तिला वाचवणार नाही.

साठ कॅरेटची अट अण्णांना सर्वांत जड गेली. शेजारी माल घेऊन येतो, "दहाच तर हाईत" म्हणतो; त्याला नाही म्हणणे गावात सोपे नसते. दोघे-तिघे रागावून दुसऱ्या गाडीकडे गेले. त्यांतला एक परत आला, कारण त्याचा माल सलग दोन महिने वेळेवर पोहोचलेला त्याने पाहिला होता. बाकीचे आले नाहीत. तेवढे भाडे आम्ही गमावले, हेही येथे लिहिले पाहिजे.

आपण खंडेनवमीला गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. यंत्राविषयीची ही कृतज्ञता मला आवडते. पण आमच्याकडे तेरा वर्षे हार बोनेटवर होता आणि हबमध्ये ग्रीस नव्हते. गेल्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर अण्णांनी जॅक लावून एकेक चाक उचलले, वर-खाली धरून हलवून पाहिले, हाताने फिरवले आणि कान लावून ऐकले. मी परीक्षेच्या तयारीसाठी आत जाऊन बसलो होतो.

ताई आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाडीचे पासिंग नोव्हेंबरमध्ये झाले. मध्यंतरी सुट्टीत घरी गेलो तेव्हा वही उघडली. मी नसतानाच्या नोंदी अण्णांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरांत होत्या. किलोमीटर होते, कॅरेट ६० होती, आणि शेवटच्या रकान्यात लिहिले होते: "डावे मागचे. आवाज नाही."